पाडव्याआधी काय होईल? सॉफ्टवेअर टीमच्या बेताची गोष्ट

आमचं ऑफिस म्हणजे देवगड तालुक्यातल्या आमच्या घराची पुढची पडवी. रोज सकाळी साडेनऊला आम्ही तिघं तिथे उभे राहतो. पुण्याचे दोघं आणि रत्नागिरीचा एक लॅपटॉपच्या पडद्यावर येतात आणि पंधरा मिनिटं बोलणं होतं. त्या वेळी काका समोरच्या खळ्यात पेजेचं ताट घेऊन बसलेले असतात. त्यांना हा प्रकार पहिल्या दिवसापासून खटकतो. "रोज उठान उभ्यानी गजाली. मगे काम कधी करतस?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देता देता एक अख्खा हंगाम गेला, म्हणून आता लिहूनच काढतो.

आम्ही आंबा बागायतदारांसाठी बुकिंगचं ॲप बनवतो. मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक फोनवरून पेटी नोंदवतं, पैसे भरतं. इकडे बागायतदाराला कळतं की कुणाला किती डझन, कच्चा की तयार, आणि माल कुठल्या गाडीला द्यायचा. थोडं थोडं बनवायचं, दाखवायचं आणि त्यावरून पुढचा बेत बदलायचा, या आमच्या कामाच्या रीतीला 'अजाइल' म्हणतात. नोकरीच्या जाहिरातींत हा शब्द हमखास असतो. अर्थ विचारला तर मात्र बरेच जण चार मीटिंगांची नावं सांगून मोकळे होतात.

त्याआधी मी कुठून आलो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका कंपनीत होतो आणि तिथेही असंच आंबा विकायचं काम हातात आलं होतं. गणपती झाल्यावर मालकांसोबत बसून नव्वद पानांचा दस्तऐवज तयार झाला, सह्या झाल्या. दोन महिने डिझाइन, मग चार महिने कोडिंग, मग टेस्टिंग, असा तक्ता भिंतीवर लागला. सगळं शिस्तीत चाललं होतं. एप्रिलमध्ये पहिल्यांदा एका बागायतदाराच्या हातात ॲप दिलं तेव्हा त्याने विचारलं, "हयसर पेटी पाच डझनाचीच कित्याक?" कारण आमच्या दस्तऐवजात पेटी म्हणजे पाच डझन असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात फळ मोठं असेल तर पेटीत चार डझन बसतात, लहान असेल तर सात-आठही. भाव त्यावरच ठरतो. ही एक गोष्ट बदलायला ऑर्डरचं पान, बिल, साठ्याचा हिशेब, सगळं उकलावं लागलं. ॲप सुरू झालं तेव्हा मृग लागला होता. झाडावर पानंच उरली होती.

यात कुणी खोटं बोललं नव्हतं, कुणी आळसही केला नव्हता. सप्टेंबरमध्ये जे कुणालाच माहीत नव्हतं ते सप्टेंबरमध्येच कायमचं ठरवून टाकलं, एवढीच चूक. पेटीबद्दलचा तो प्रश्न ऑक्टोबरमध्ये कुणी विचारला असता तर दुपारभराचं काम होतं.

अशा टप्प्याटप्प्याने खाली उतरणाऱ्या पद्धतीला 'वॉटरफॉल' म्हणतात. तिचं मूळ म्हणून विन्स्टन रॉइस या अमेरिकी सॉफ्टवेअर तज्ज्ञांचा १९७० सालचा लेख दाखवला जातो. गंमत अशी की त्या लेखात 'वॉटरफॉल' हा शब्दच नाही, आणि टेस्टिंग सगळ्यात शेवटी येणारी ही सरळ वाट धोक्याची आहे, असं रॉइसनीच तिथे बजावलं आहे. लोकांनी आकृती उचलली, खालचा मजकूर वाचलाच नाही.

पुढे १९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त नवी उत्पादनं बनवणाऱ्या टीमांवर लिहिताना रग्बीची उपमा वापरली, की चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे देत सगळी टीम एकत्रच पुढे सरकते. त्यावरून आम्हीही वापरतो त्या पद्धतीला 'स्क्रम' हे नाव मिळालं. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी ती पद्धत १९९५ मध्ये एका परिषदेत मांडली. साधारण त्याच सुमारास केंट बेक यांची 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग' ही दुसरी पद्धत आकार घेत होती. फेब्रुवारी २००१ मध्ये अशा वेगवेगळ्या वाटांनी चाललेले १७ जण अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ ठिकाणी जमले आणि त्यांनी अजाइलचा चार वाक्यांचा जाहीरनामा लिहिला. त्यातलं एक वाक्य असं की ठरलेला बेत पाळण्यापेक्षा बदलाला तोंड देणं आम्हाला अधिक मोलाचं वाटतं. 'अधिक' या शब्दाकडे लक्ष द्या. बेत नकोच, असं त्यात कुठेही नाही. उलट माझा अनुभव असा की अजाइल टीम जुन्या पद्धतीपेक्षा जास्त वेळा बेत आखते. फक्त थोडा थोडा आखते, आणि आखलेला मोडायला लाजत नाही.

काकांना हे पटवायला फार लागलं नाही, कारण ते स्वतः तेच करतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक आमच्या माजघरात टांगलेलं असतं. कुठल्या टप्प्याला कुठली फवारणी ते त्यात लिहिलेलं आहे. पण काका तारीख ठरवतात ती कलमाखाली उभं राहून. पालवी किती आली, बोंगे फुटले का, तुडतुडा दिसतो का, रात्री थंडी पडते का, हे बघून. वर्षाचा अंदाज डोक्यात असतो, पण पक्का बेत मात्र पुढच्या पंधरा दिवसांचाच.

आमचेही पंधरा दिवसच. स्क्रममध्ये या ठरावीक मुदतीला 'स्प्रिंट' म्हणतात. ती जास्तीत जास्त महिनाभराची असावी असा नियम आहे. बऱ्याच टीम दोन आठवड्यांची घेतात. आणि इथे एक उलटापालट आहे, ती कळली की बाकी सगळं सोपं होतं. जुन्या पद्धतीत काम किती ते पक्कं असतं आणि तारीख पुढे सरकते. इथे तारीख आणि माणसं पक्की, आणि काम कमी-जास्त होतं. हापूस तर कुणासाठी थांबत नाही. म्हणून आमच्याकडे "हे सगळं कधी होईल?" असा प्रश्न कुणी विचारत नाही. "पाडव्याआधी काय काय होईल?" असा विचारतात.

ते ठरवायचं तर आधी यादी हवी. तिला 'बॅकलॉग' म्हणतात. आमची यादी प्लायवूडच्या फळीवर चिठ्ठ्यांच्या रूपात असते. (आधी चिठ्ठ्या भिंतीला चिकटवायचो. जूनमध्ये चिऱ्याच्या भिंतीला ओल आली आणि एका सकाळी अख्खा बॅकलॉग जमिनीवर. तेव्हापासून फळी आणि टाचण्या.) प्रत्येक चिठ्ठीवर एक 'स्टोरी'. म्हणजे कुणाला काय करता यायला हवं आणि कशासाठी, हे एका वाक्यात. 'डेटाबेसमध्ये नवा तक्ता' ही स्टोरी नव्हे. 'बागायतदाराला आजची काढणी बागेतूनच नोंदवता यावी, म्हणजे गिऱ्हाइकाला खरा साठा दिसेल' ही स्टोरी. चिठ्ठी मुद्दाम लहान असते. सगळं तिच्यावर मावत नाही, म्हणून बोलावं लागतं, आणि तोच हेतू आहे.

यादीचा क्रम ठरवायचा अधिकार एकाच माणसाकडे, त्याला 'प्रॉडक्ट ओनर' म्हणतात. आमच्याकडे ही जबाबदारी एका बागायतदाराच्या मुलीकडे आहे. वरची चिठ्ठी आधी, खालची नंतर. दोन चिठ्ठ्या एकाच वेळी पहिल्या नंबरवर नसतात, आणि यावरून भांडणं होतात ती व्हायलाच हवीत. पण कुठलं काम केवढं मोठं आहे आणि पंधरा दिवसांत किती मावेल, हे सांगायचं काम करणाऱ्यांनी. तिने "हे आठवड्यात होईलच ना?" म्हणायचं नाही, आम्ही "ही स्टोरी महत्त्वाची नाही" म्हणायचं नाही. ही वाटणी मोडली की बाकी सगळे विधी करूनही फारसं काही हाती लागत नाही.

आता केवढं मोठं हे कसं ठरतं? इथे मी काकांकडूनच शिकलो. कराराने बाग घेताना मोहोर आणि कणी बघून अंदाज बांधायचा असतो. काका कधीच "साडेसहा पेट्या" म्हणत नाहीत. ते म्हणतात, विहिरीकडच्या कलमाएवढं येईल, किंवा त्याच्या दुप्पट. एका ओळखीच्या झाडाशी तुलना. आमचे 'स्टोरी पॉइंट' म्हणजे नेमकं हेच. पूर्वी केलेलं, सगळ्यांना आठवणारं एक काम ३ पॉइंटचं धरायचं आणि नवं काम त्याच्या मानाने मोजायचं. आकडेही ठरलेले असतात: १, २, ३, ५, ८, १३. काम जितकं मोठं तितका अंदाज ढोबळ, म्हणून आकड्यांमधलं अंतर वाढत जातं. ११ की १२, यावर वाद घालायची सोयच ठेवलेली नाही.

हे आकडे पत्त्यांवर लिहून खेळतात, त्याला 'प्लॅनिंग पोकर' म्हणतात. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये तो मांडला. सगळ्यांनी मनाशी आकडा ठरवायचा आणि पत्ते एकदम उलटायचे. एकदम का? कारण सगळ्यात अनुभवी माणसाने आधी "तीन" म्हटलं तर उरलेले सगळे तीनच म्हणतात.

मघाची काढणीची स्टोरी आली तेव्हा आम्ही पत्ते उलटले. पाच जणांचे ३, आणि आमच्या टेस्टर मुलीचा १३. सगळे हसले. रीत अशी की सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा टाकणाऱ्यांनी बोलायचं. ती म्हणाली, "बागेत रेंज कुठे आहे?" ती वाडीतली, तिच्या वडिलांची बाग घाटीच्या पलीकडे. पुण्याच्या दोघांनी ऑफिसातल्या वायफायवर कल्पना केली होती. नेट नसताना नोंद फोनमध्येच ठेवायची, रेंज आली की पाठवायची, मधल्या वेळात त्याच पेट्या दुसऱ्याने विकल्या तर काय करायचं, हे सगळं धरलं तर १३ सुद्धा कमीच होते. शेवटी स्टोरीचे दोन तुकडे केले. पहिला, संध्याकाळी घरी आल्यावर दिवसाची काढणी नोंदवता येणं: ३ पॉइंट, या हंगामात. दुसरा, बागेतून नेटशिवाय नोंद: १३ पॉइंट, यादीत खाली. हंगाम पार पडला, दुसऱ्या तुकड्याची आठवण कुणी काढली नाही. पोकरमधून आकडा मिळतो तो नंतर विसरला तरी चालतो; त्या हसण्यानंतर जे बोलणं झालं त्यासाठी तो खेळायचा.

आता तारखेचा हिशेब. एका स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या कामांच्या पॉइंटची बेरीज म्हणजे त्या टीमची 'व्हेलॉसिटी'. आमच्या तीन स्प्रिंट होत्या २१, १८ आणि २४, सरासरी २१. पाडव्याआधी हव्या असलेल्या चिठ्ठ्यांची बेरीज ८४. म्हणजे चार स्प्रिंट, आठ आठवडे. पण वेग १८ वरच राहिला तर पाचवी स्प्रिंट लागणार, म्हणजे दहा आठवडे. प्रॉडक्ट ओनरला आम्ही दोन्ही सांगितलं: आठ ते दहा. पाडव्याला नऊच होते. तिने चुपचाप खालच्या १८ पॉइंटच्या चिठ्ठ्या काढून बाजूला ठेवल्या. त्यात साका (आतून खराब) निघालेल्या फळाचा फोटो टाकून तक्रार करायची सोय होती. यंदा लोक तक्रार व्हॉट्सॲपवर करतील, म्हणाली. मला हा क्षण फार आवडतो. मार्चच्या शेवटी रात्री जागून जे अपुरं राहिलं असतं, ते जानेवारीत शुद्धीवर असताना कमी केलं.

स्प्रिंटच्या पहिल्या दिवशी प्लॅनिंगची बैठक होते. महिनाभराच्या स्प्रिंटला जास्तीत जास्त आठ तास अशी मर्यादा आहे, आमची दोन-अडीच तासांत उरकते. आधी एक ध्येय ठरतं, एकच. पहिल्या स्प्रिंटचं होतं: 'एका खऱ्या गिऱ्हाइकाने पैसे भरून एका खऱ्या बागेतली एक पेटी नोंदवलेली असेल.' मग त्याला लागणाऱ्या चिठ्ठ्या वरून उचलायच्या. मग हाताशी माणसं किती ते मोजायचं, आणि इथे कोकणात राहिल्याचा हिशेब येतो. शिमग्याला पालखी दारात येणार असेल तर आमचा रत्नागिरीचा गडी चार दिवस लॅपटॉपला हात लावणार नाही. हे आधीच वजा करायचं. तो "बघतो, जमवतो" म्हणेल, त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

आणि 'झालं' म्हणजे काय हेही आधीच ठरलेलं असतं. आमच्याकडे एखादी चिठ्ठी शेवटच्या रकान्यात जायची तर दुसऱ्याने कोड वाचलेलं हवं, टेस्टरने साध्या, स्वस्त फोनवर चालवून बघितलेलं हवं, आणि ते गिऱ्हाइकांपर्यंत पोचलेलं हवं. "माझ्या मशीनवर चालतंय" याला शून्य पॉइंट. अर्ध्या झालेल्या चिठ्ठीलाही शून्यच, अर्धे गुण नाहीत.

मग रोजचं ते साडेनऊचं उभं राहणं. पूर्वी त्यात प्रत्येकाने तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची पद्धत होती: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेतून हे तीन प्रश्न २०२० मध्ये काढून टाकले, आणि बरं झालं, कारण त्याची हजेरी होऊन बसली होती. आता आम्ही माणसांऐवजी फळीकडे बघतो. रकाने चार: करायचं, चालू, टेस्टिंग, झालं. उजवीकडून सुरुवात करायची. 'झालं'च्या सगळ्यात जवळ असलेली चिठ्ठी का अडकली आहे, आणि तिला आज कोण ढकलणार?

एका सकाळी टेस्टिंगच्या रकान्यात सहा चिठ्ठ्या होत्या आणि टेस्टर एकच. आम्ही मात्र जोमाने नव्या चिठ्ठ्या 'चालू'मध्ये ओढत होतो. फळीकडे बघून काका म्हणाले, शेडमध्ये काढलेला माल पडून राहिलाय आणि तुम्ही अजून झाडावर चढताय? बरोबर होतं. काढणीच्या दिवसांत शेडमध्ये फळाचा ढीग झाला आणि प्रतवारीला दोघंच असली, तर काका झेला (आंबे काढायची जाळीची काठी) खाली ठेवायला लावतात आणि सगळ्यांना निवडायला बसवतात. काढलेलं फळ उन्हाळ्यात वाट बघत नाही.

याचं गणितही आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये ते सिद्ध केलं. सोप्या शब्दांत: हातात असलेली कामं भागिले आठवड्याला पूर्ण होणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारे सरासरी आठवडे. बारा चिठ्ठ्या हातात आणि आठवड्याला तीन संपतात, तर प्रत्येकीला चार आठवडे. संपायचा वेग तोच ठेवून हातातल्या सहाच केल्या तर दोन आठवडे. कुणी जास्त राबलं नाही, तरी काम लवकर पोचलं. म्हणून आता टेस्टिंगच्या रकान्यावर खडूने '२' लिहिलं आहे. दोन चिठ्ठ्या तिथे असतील तर तिसरी सरकवायची नाही, स्वतः टेस्टिंगला बसायचं. रकान्यांना अशी मर्यादा घालायची रीत 'कानबान'मधली. तिचं मूळ टोयोटाच्या कारखान्यात, ताईइची ओनो यांच्याकडे. मे संपला की आम्ही स्प्रिंट बंदच करतो आणि पावसाळाभर नुसतं कानबान चालवतो. त्या दिवसांत नवं काही फार नसतं, दुरुस्त्या येतील तशा घ्यायच्या, आणि वीज दोन दोन दिवस नसली की पंधरा दिवसांचं ध्येय वगैरे कागदावरच राहतं.

आंब्याची उपमा मात्र एका ठिकाणी साफ मोडते. काढणी मागे पडली तर काका चार गडी वाढवतात आणि काम खरोखर उरकतं. सॉफ्टवेअरमध्ये उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. हे आयबीएममध्ये प्रचंड मोठं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं आहे. नव्याला शिकवायला जुन्याचा वेळ जातो, आणि एकमेकांशी बोलायच्या जोड्या भराभर वाढतात. सहा जणांत १५ जोड्या, दहा जणांत ४५. स्क्रमची टीम साधारण दहाच्या आत ठेवतात ती यासाठी.

आणि पॉइंट कुठे बिघडतात तेही सांगायला हवं. वरचा साहेब जेव्हा म्हणतो, "मागच्या वेळी २१, या वेळी २५ करा," त्या क्षणी आकडा मेला. पुढच्या पोकरमध्ये ३ चे ५ होतात, साहेबाला २५ दिसतात, आणि काम पूर्वीइतकंच. दोन टीमांची व्हेलॉसिटी शेजारी लावणं तर त्याहून वाईट. आमचं विहिरीकडचं कलम आणि त्यांचं, एक नव्हे. पॉइंटची कल्पना कदाचित माझीच असेल, असं म्हणणारे रॉन जेफ्रीज यांनीही त्याच्या अशा वापराबद्दल नंतर खेद व्यक्त केला आहे. स्क्रमच्या मार्गदर्शिकेत तर पॉइंटचा उल्लेखही नाही. आम्ही ते ठेवलेत कारण आम्हाला उपयोगी पडतात. उद्या नाही पडले तर नुसत्या चिठ्ठ्या मोजू.

स्प्रिंटच्या शेवटी दोन बैठका. एकीत झालेलं काम वापरणाऱ्यांना प्रत्यक्ष दाखवायचं. आमच्याकडे तीन-चार बागायतदार चहाला येतात आणि फोन त्यांच्याच हातात देतो. आपण बोट धरून दाखवायला लागलो की हवं ते कळत नाही. त्यांचा अंगठा कुठे अडखळतो तेवढं बघायचं, चिठ्ठ्या आपोआप निघतात. पेटीत किती डझन, हा प्रश्न या वेळी दुसऱ्याच आठवड्यात सुटला.

दुसरी बैठक आपली आपल्यात, तिला 'रेट्रो' म्हणतात. कामाबद्दल न बोलता काम करायच्या पद्धतीबद्दल बोलायचं. काय खटकलं, पुढच्या पंधरा दिवसांत काय बदलायचं. इथे गोड बोलून भागत नाही. आमच्या सलग तीन रेट्रोंमध्ये एकच ओळ लिहिलेली सापडली: 'इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणे.' तिन्ही वेळा सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि तिन्ही वेळा लाइट गेल्यावर वीस मिनिटांत आम्ही अंधारात. चौथ्या वेळी टेस्टरने ती ओळ चिठ्ठीवर लिहिली, खाली माझं नाव घातलं आणि फळीवर 'चालू'मध्ये टोचली. दुसऱ्या दिवशी साडेनऊला उजवीकडून वाचत येता येता ती चिठ्ठी आली, तेव्हा मी काही बोलायच्या आत खळ्यातून काकांचा आवाज आला, "पाणी मी घातलंय. ती चिठ्ठी पुढे सरकवा."